सीतारामच्या आईचं नाव

"सगळेच्या सगळे एक जूनला जन्मले?"

सत्यशीलाताईंनी चष्मा नाकावर सारखा केला आणि लॅपटॉपच्या पडद्याकडे असं पाहिलं, जणू समोर एखादा खाडाखोड केलेला रजेचा अर्ज आलाय.

"अगं आत्या, साइट डेट मागते. टाकल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही." राकेश सोफ्यावर मांडी घालून बसला होता. "मग म्हटलं, आजोबांची एक जून आहे, सगळ्यांना तीच लावू. सिंपल."

"दादांची एक जून मास्तरांनी लावलेली आहे. त्यांना एका सकाळी सगळी वस्ती शाळेत दाखल करून घ्यायची होती. तुला कसली घाई होती?"

"मॅच होती," स्वयंपाकघरातून दीपालीचा आवाज आला. नवऱ्याची बाजू घ्यायची नाही, एवढा एक नियम तिनं लग्नापासून पाळला होता.

"आणि ही कोण? प्रेमलाच्या सासूला तू प्रेमलाची बहीण केलंयस."

"एडिट होतं गं ते. चिल."

हा 'चिल' सत्यशीलाताईंच्या डोक्यात तिडीक आणायचा. जन्म विश्रांतवाडीत, शाळा विश्रांतवाडीत, वाढवला कोणी तर ह्याच आत्यानं. आणि खराडीच्या कंपनीत लागून तीन वर्षं नाही झाली तर आत्यालाच गार व्हायला सांगतो. बरं, ह्याचं हे घराण्याचं झाड अमेरिकेतल्या कुठल्याशा साइटवर उभं, आणि ते पाहून नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंतचे नातेवाईक 'वॉव' म्हणून कळवत होते. सत्यशीलाताईंनी बारा वर्षं खपून जे जमवलं होतं, त्याला आजवर एकानंही वॉव म्हटलेलं नव्हतं. उलट त्या दारात दिसल्या की लोक म्हणत, "आली जनगणना."

सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत त्यांची उभी हयात गेली. कोणाची जन्मतारीख, कोणाचं नाव, कोणाचा वारस. पुराव्याशिवाय टेबलावरचा कागद पुढे सरकला नाही, साहेबाचा फोन आला तरी नाही. लग्न केलं नाही. "बाईंना स्थळ दाखवलं तर आधी मुलाचं सर्व्हिस बुक मागतील," असं ऑफिसात म्हणत, आणि त्यांना ते ऐकू येत असे. निवृत्त झाल्यावर तोच हिसका त्यांनी घराण्याला दाखवला. नियम असा: एक गोष्ट दोन माणसांनी सांगितली पाहिजे, आणि त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नसलं पाहिजे. आपल्या भावकीत अशा जोड्यांना तोटा नव्हता.

त्यांनी दौंडकडच्या मूळ गावाची शाळा गाठली, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये शिंका देत दिवस काढले, वडिलांच्या खडकीच्या कारखान्यातल्या पेन्शनच्या कागदांच्या नकला मिळवल्या. वडील सीताराम, म्हणजे दादा. सीतारामचे वडील. त्यांचे वडील. बापामागून बाप हजर होत गेले. पण सीतारामची आई? कागदांना ती माहीतच नव्हती. मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावलं की त्या काळी कागदाचं काम संपत असे. जुन्या माणसांना विचारावं तर ती म्हणत, "सीतारामची आय. आनि काय?"

ज्या बाईच्या पोटी हे सगळं गणगोत आलं, सत्यशीलाताईंनी पुठ्ठ्यांवर आखलेल्या वंशावळीत तिचाच चौकोन रिकामा होता. दादा गेले तेव्हा सत्यशीलाताई सेक्शनच्या ऑडिटमध्ये बुडालेल्या होत्या, विचारायचं राहून गेलं. ते त्यांना टोचत असे. पण टोचणं निराळं आणि अडणं निराळं. आता अडलं होतं.

विहाराचं नवं सभागृह बांधून होत आलं होतं. दर्शनी भिंतीवर दानदात्यांच्या संगमरवरी पाट्या लागणार होत्या. ह्यांच्या घराण्याची पाटी ठरली होती आजीच्या नावाची. हट्ट सत्यशीलाताईंचाच. "पुरुषांच्या पाट्या पुष्कळ झाल्या," असं त्या बैठकीत म्हणाल्या होत्या आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. 'कालकथित', म्हणजे दिवंगत, एवढं कोरून तयार होतं. पुढची जागा मोकळी. समितीचे चिटणीस ज्ञानदेव रोज सकाळी फोन करत.

"जयभीम ताई. नावाचं काय झालं?"

"चौकशी चालू आहे."

"बुद्धपौर्णिमा आली ताई. कोरणारा म्हणतो, रविवारनंतर मी हात लावणार नाही. नाही तर सरळ सीतारामदादांच्या नावाची करू?"

"नाही."

"मग नाव?"

"कळवते."

हे सगळं त्या दिवशी त्यांनी राकेशच्या वाघोलीच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून सांगितलं. राकेशनं एका हातानं माऊस फिरवत ऐकलं.

"मग त्यात काय? गौतमी लिहा. मस्त आहे, बुद्धिस्ट आहे. साठ वर्षांपूर्वी गेलेली बाई येऊन ऑब्जेक्शन घेणार आहे का?"

"राकेश, नाव शोधायचं असतं. ठेवायचं नसतं."

"लोणीच्या आजीला पण आवडलं होतं की गौतमी."

सत्यशीलाताई थांबल्या. "तिचा काय संबंध?"

लोणीची आजी म्हणजे सीतारामची धाकटी बहीण, सत्यशीलाताईंची सख्खी आत्या. लग्न होऊन लोणी काळभोरला गेली ती तिथलीच झाली. ऐंशीच्या पुढं गेली होती. त्या पिढीतलं उरलेलं शेवटचं माणूस.

"अगं, मागे नाही का आम्ही सोलापूर रोडला लग्नाला गेलो होतो? येताना डोकावलो. मी सहज विचारलं, आजी, तुझ्या आईचं नाव काय? तिनं सांगितलं."

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं बंद झालं. दीपाली हात पुसत दारात आली.

"सांगितलं?" सत्यशीलाताईंचा आवाज पार खाली गेला होता. "काय सांगितलं?"

"तेच आठवत नाहीये."

"राकेश."

"अगं खरंच! एकदम फनी होतं काहीतरी. आम्ही जाम हसलो. दीपाली, काय होतं गं?"

"मी आत चहा ठेवत होते. हसण्याचा आवाज तेवढा आला."

"लिहिलं नाहीस?"

"लिहायला काय मी इंटरव्ह्यूला गेलो होतो? मोबाइलवर व्हिडिओ होता. आपल्या आयुषच्या बर्थडेला मेमरी फुल झाली, मग..." राकेशनं बोटांनी हवेत काहीतरी उडवून दाखवलं.

सत्यशीलाताई उठल्या, बाल्कनीत गेल्या, समोरच्या अर्धवट बांधकामाकडे बघत उभ्या राहिल्या. रडू येत नव्हतं. कोणालातरी मेमो द्यावासा वाटत होता.

कारण त्या स्वतः लोणीला तीनदा जाऊन आल्या होत्या. सोबत टेपरेकॉर्डर, नव्या बॅटऱ्या, प्रश्न क्रमानं तयार. पहिल्या खेपेला आत्यानं टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवून विचारलं होतं, "ह्ये कशाला? पोलिसात देनार हाईस व्हय मला?" दुसऱ्या खेपेला तिला एकाएकी ऐकू येईनासं झालं. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "आईला काय नाव आस्तंय? आई म्हनत्यात तिला," आणि शेळीला पाला घालायला निघून गेली. आणि हा? लग्नाचं जेवून, ढेकर देत, सहज विचारतो, नि त्याला मिळतं! मिळतं ते मिळतं, वर सांडून येतो!

"उद्या लोणीला जायचं," त्या आत येऊन म्हणाल्या. "तू चल. तुला सांगितलंय तिनं."

"उद्या शनिवार आहे, आत्या."

"मला माहीत आहे उद्या काय आहे."

दीपाली म्हणाली, "जा. नाही तर रविवारपर्यंत त्या इथंच बसतील."

हडपसरला गाडी अशी अडकली की राकेशनं इंजिन बंद केलं. पुढं विटांचा ट्रॅक्टर, मागं कंपनीची बस, मध्ये ही दोघं.

"तू ना आत्या, फार सीरियस घेतेस सगळं. फॅमिली ट्री ही फन गोष्ट आहे. लोक कनेक्ट होतात."

"कनेक्ट! न्यू जर्सीच्या अभिनवला तू माझा मामा करून ठेवलंयस. तो माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहे."

"त्यानं लाइक केलं."

"करेल. त्याचं काय जातंय?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "राकेश, बामणाच्या घरात पोथ्या असतात. पाटलाच्या घरी वतनाचे कागद असतात. आपल्याकडे काय आहे? म्हाताऱ्या माणसांचं तोंड. ते बंद झालं की संपलं. म्हणून मी सीरियस घेते."

राकेश म्हणाला, "पॉइंट आहे," आणि लगेच त्याचा फोन वाजला.

लोणीला पोचले तेव्हाही तो फोनवरच होता. क्लायंटचं काहीतरी बंद पडलं होतं. त्यानं खुणेनं सांगितलं, तू हो पुढं, आलोच. मग लिंबाखाली गाडी लावून आतच बसून राहिला. आत्याला बोलतं करण्यासाठी ज्याला आणला, तोच बाहेर. सत्यशीलाताई दात आवळून घरात शिरल्या.

आत्या पडवीत बसून शेंगा फोडत होती.

"कोन? शकू व्हय?"

सगळ्या जगात त्यांना शकू म्हणणारं हे एकच तोंड होतं. छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर दादांनी घरातल्या सगळ्यांची नावं बदलली होती. शकूची सत्यशीला झाली, थोरल्याचा सिद्धार्थ झाला. आपल्या लग्न झालेल्या बहिणीलाही त्यांनी सोडलं नाही. लोणीला जाऊन, तिच्या सासऱ्याला समोर बसवून, 'आजपासून ठकी नाही, कुसुम' असं सांगून आले. फक्त स्वतःचं सीताराम तेवढं ठेवलं. ते सर्व्हिस बुकात चढलं होतं.

"आनलंय का ते पेटाट?"

"आणलंय."

"बंद कर. खाटंखाली सार."

सत्यशीलाताईंनी टेपरेकॉर्डर खाटेखाली सारला. हातानं शेंगा ओढून घेतल्या आणि फोडू लागल्या. मनात प्रश्न क्रमानं उभे होते. पहिला प्रश्न होता, 'आजीचं माहेर कोणतं?' पण तोंडातून निघालं भलतंच.

"आत्या, राकेशला सांगितलंस. मला का नाही?"

आत्यानं एक दाणा तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली. दात नव्हते, घाईही नव्हती.

"त्यो इचारतो आन इसरून जातो. इसरनाऱ्याला सांगाया बरं वाटतं. उलीसं मन मोकळं हुतं, आन बाहेर कुटं काय जात न्हाय."

"आणि मी?"

"तू इसरत न्हाईस. तू इचारतीस तवा वाटतं, मीच कायतरी चोरलंय."

सत्यशीलाताई एक शेंग फोडत म्हणाल्या, "तो हसला म्हणे."

"हसला की. हसू दे. समदेच हसायचे." आत्यानं टरफलं पदरातून झटकली. "आयच्या आधीच्या चार पोरी जगल्या न्हाईत, म्हनून तिच्या आयबापानं तसलं नाव ठिवलं. येमाला किळस यावी, त्यानं उचलू ने, म्हनून. आन बरं नाव ठिवायचं म्हटलं तर गाव इचारायचं, तुमाला कशाला ही थेरं? मग तेच ऱ्हायलं. हिरीवर गेली की पोरं मागनं वरडायची. थोरली मानसंबी. पानी वरनं वाढायचे आन नाव घिऊन हसायचे. मी कडंवर आसायची तिच्या."

मग आत्या पुढं वाकली आणि तिनं नाव सांगितलं.

दोनच अक्षरं. ऐकल्या ऐकल्या सत्यशीलाताईंच्या ओठाचा कोपरा आपोआप हलला. क्षणभरच. पण हलला. आत्याचं लक्ष होतं.

"बघ," आत्या म्हणाली.

सत्यशीलाताईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "आत्या, मला ते हसू नव्हतं..."

"आसू दे गं. नावच तसलं हाय."

"पण लाज आपल्याला का वाटावी? ज्यांनी हाका मारल्या त्यांना वाटू दे! तेच नाव कोरते मी पाटीवर. लोकांनी वाचलं पाहिजे. हा इतिहास आहे आत्या!"

"तुझा इतिहास हाय. माझी आय हाय."

बाहेर राकेशचा आवाज येत होता, इंग्रजीतून कोणाची तरी समजूत घालत होता. पडवीत शेळीनं एकदा डोकं वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातलं.

"ती जिती हुती तवर समद्यांनी त्या नावानं तिला हाका मारल्या," आत्या म्हणाली. "मेल्यावर हाका थांबल्या. आता तू दगडावर घालनार. येनारा जानारा वाचनार. तुझ्या इहारात लगीन लागंल, पोरंसोरं भिंतीकडं बोट करून हसतील. पुन्यांदा?"

"मग काय करू? मोकळी ठेवू पाटी?"

"दादानं तुझं नाव बदाललं. माझं बदाललं. साळंत मास्तर तुला शकू म्हनला तर दादा वर्गात जाऊन भांडून आला, ठाव हाय का? आयचं तेवढं ऱ्हायलं. ती आदीच मेली हुती म्हनून. तिचंबी बदलायचं हुतं की न्हाय?"

सत्यशीलाताईंना मास्तर आठवला. हजेरी घेताना मुद्दाम 'शकू' म्हणणारा, आणि हात वर न करता बसून राहिलेल्या दहा-अकरा वर्षांच्या त्या. त्यांनी सबंध महिना गैरहजेरी लावून घेतली होती पण हात वर केला नव्हता.

"तो राक्या काय म्हनला हुता? ग... गौतमी. चांगलं हाय. आपल्या घरातल्यावानी वाटतंय. ते घाल."

"आत्या, ते त्यानं उगीच सुचवलंय! माऊस फिरवता फिरवता! त्याला काही..."

"मंग? तुला दुसरं सुचतंय का?"

नाही सुचलं. बारा वर्षं खरं नाव शोधणाऱ्या बाईला खोटं नाव सुचणार कुठून?

"आन त्ये दुसरं," आत्या शेंगांकडे बघत म्हणाली, "तुझ्या त्या पुठ्ठ्यांवरबी लिवायचं न्हाय. कुटंच न्हाय. माझ्यासंगं जाऊ दे. शपत घे."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हाती अस्सल गोष्ट लागली होती, आणि ती नोंदवायची मनाई होती. त्यांना ओरडावंसं वाटलं. हे नियमात बसत नाही, असं म्हणावंसं वाटलं. आत्याचं चूक असतं तर त्या भांडल्या असत्या, संध्याकाळपर्यंत भांडल्या असत्या. पण स्वतःचा तो ओठाचा कोपरा त्यांना अजून जाणवत होता. आत्याचं बरोबर होतं, आणि सगळा संताप त्याचाच होता.

"घेतली," त्या म्हणाल्या.

"च्या ठिवते," आत्या म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली, जणू आठवडी बाजाराचं बोलणं झालं होतं.

राकेश चहाला तेवढा आला. आजीच्या गालाला गाल लावून फोटो काढला, दोन शेंगा तोंडात टाकल्या आणि म्हणाला, "काय आजी, सांगितलंस का माझ्या आत्याला?" आजी बोळक्या तोंडानं हसली. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. सत्यशीलाताईंच्या डोक्यावरून नाही.

परतताना पुन्हा हडपसर, पुन्हा तीच गर्दी.

"मग? मिळालं नाव?"

"मिळालं."

"काय आहे?"

सत्यशीलाताईंनी पर्सचा बंद दोनदा सरळ केला. "गौतमी."

राकेशनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मागच्या रिक्षानं हॉर्न मारला तरी पाहत राहिला.

"हॅट! गौतमी? मी म्हटलं होतं ते?"

"हो."

"ॲक्च्युअली गौतमी?" आता तो मोकळेपणी हसायला लागला, स्टीअरिंगवर हात आपटून. "पण मला तर काहीतरी फनी आठवत होतं... म्हणजे आजीनं मला वेगळं सांगितलं का?"

"तुला नीट आठवत नाही. तूच म्हणालास."

"हां, तेही आहे. पण बघ आत्या! बारा वर्षं तू काय-काय केलंस, तहसील काय, टेप काय, आणि मी सोफ्यावर बसून एका मिनिटात! याला म्हणतात इन्स्टिंक्ट. आज रात्रीच साइटवर टाकतो. 'मिस्टरी सॉल्व्ड.' अभिनव वेडा होईल."

त्यांच्या जिभेवर दोन अक्षरं आली होती. ती फक्त सोडायची होती, आणि ह्या पोराचं हसू जागच्या जागी थिजलं असतं. किंवा थिजलं नसतं. तो पुन्हा हसला असता, जाम हसला असता, आणि वाघोली येईपर्यंत विसरला असता. त्यांनी ओठ मिटले.

फोन वाजला. ज्ञानदेव.

"जयभीम ताई. कारागीर समोर बसलाय माझ्या. बोला."

"लिहून घ्या. गौतमी."

"गौतमी! वा, काय शोभतं नाव! त्या काळात असं नाव, म्हणजे घराणं किती पुढचं बघा तुमचं. खात्री आहे ना ताई? नाही म्हणजे, तुम्हाला काय विचारायचं म्हणा. तुम्ही पुराव्याशिवाय बोलणाऱ्या नव्हेत. दगड आहे म्हणून आपलं विचारलं."

पुढची गाडी हलली होती. राकेश पाहत नव्हता. मोबाइलवर कोणालातरी टाइप करत होता.

"कोरा तुम्ही," त्या म्हणाल्या आणि फोन बंद केला.

"पुढच्या वेळी ना आत्या," राकेश मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "आधी मला विचारत जा. एवढा त्रास घ्यायचाच नाही."

"गाडी चालव," सत्यशीलाताई म्हणाल्या.